सगळं जातं

आत्याने फोन केला तो लुगड्याची तक्रार करायला. विहिरीकडच्या दोरीवर वाळत घातलेलं लुगडं दुपारी काढायला गेली, तर ते हाताला चिकटलं. घडी घातली तर घडी उलगडेना.

"पाक सांडल्यासारखं झालंय रे सगळं. तुळशीची पानं काळी पडलीत. आणि मुंग्यांचं तर विचारूच नकोस."

मी पुण्यात बसून शहाणपणा केला. म्हटलं, धूळ असेल, कुणी पालापाचोळा जाळला असेल, काजळी उडाली असेल.

"धुळीला मुंग्या लागतात होय?" आत्याने विचारलं आणि फोन ठेवला.

शनिवारी गेलो. २०२४ चा मार्च होता. आमची वाडी श्रीवर्धनच्या पट्ट्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. आमची म्हणायची एवढंच, खरी ती आत्याची. तिने शिंपली, तिने राखली, आम्ही बाकीचे मे महिन्यात शहाळी प्यायला येणारे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा या वाडीतल्या सुपाऱ्या काड्या मोडाव्या तशा मोडल्या आणि माडांतले निम्म्याहून जास्त आडवे झाले. अकरा उभे राहिले. सगळे जुने बाणवली, म्हणजे उंच जातीचे, आजोबांनी लावलेले, कौलांच्या कितीतरी वर. पडलेल्यांच्या जागी काय लावायचं यावर तेव्हा घरात चर्चा झाली आणि त्या चर्चेत मी सगळ्यात जास्त बोललो. ठेंगणी जात लावू, तीन-चार वर्षांत नारळ, नारळ उतरवायला पाडेली शोधायला नको, हात वर केला की शहाळं. आत्या म्हणाली होती, "हात वर करून नारळ मिळतो, तो माड कसला?" पण लावले. सात रोपं, केशरी नारळांची, ठेंगणी.

तर त्या सात माडांपाशी आधी गेलो. झापांच्या, म्हणजे झावळ्यांच्या, वरच्या बाजूला काळं, अगदी चुलीवरच्या भांड्याच्या बुडासारखं. बोट फिरवलं तर बोटाला काजळ आणि खाली हिरवं पान दिसलं. मग पात उलटी केली. खालून पांढरं. कुणीतरी तांदळाची पिठी भुरभुरावी तसं, पण नुसतं भुरभुरलेलं नाही, त्यात वळणं होती. बोटाच्या ठशासारखी चक्रं, एकाला लागून दुसरं. हात लागल्यावर काही पांढरे ठिपके कंटाळल्यासारखे उडाले, दोन वीत अंतरावर परत बसले. मावशीकडच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पाहिला होता, त्यामुळे मी ज्ञान पाजळलं की हा पिठ्या ढेकूण. आत्या म्हणाली, "मला तर माडाला कोड फुटल्यासारखं दिसतंय."

दोन्ही चूक. ही होती रुगोज चक्राकार पांढरी माशी. आता नावातच इतक्या गोष्टी आहेत की जरा थांबतो. एक तर ही माशी नव्हेच. माशीला दोन पंख असतात, हिला चार. हिचं गोत्र मावा, तुडतुडे आणि ढेकणांचं, म्हणजे सोंड खुपसून रस ओढणाऱ्यांचं. त्या अर्थी माझा ढेकूण अगदीच वाया गेला नाही. चक्राकार म्हणायचं कारण, मादी पानावर गोल गोल फिरत अंडी घालते आणि त्यावर मेण सांडत जाते. आपण जी रांगोळी पाहतो, ती तिच्या चालण्याची वाट आहे. एकेका अंड्याला बारीक देठ असतो, तो पानात रोवलेला. अंडंसुद्धा त्या देठातून पानाचं पाणी घेतं. जन्माआधीच पानाला तोंड लावलेली जात.

राहिलं रुगोज. २००४ साली जॉन मार्टिन या कीटकशास्त्रज्ञाने मध्य अमेरिकेतल्या बेलिझमधल्या माडावरचे नमुने पाहून हिला शास्त्रीय नाव दिलं, अल्युरोडिकस रुगिओपर्क्युलॅटस. अर्थ, सुरकुतलेल्या झाकणाची. हे झाकण कोषाच्या गुदद्वारावरचं. जगभरच्या नारळ बागायतदारांच्या तोंडी हल्ली जे नाव आहे, ते एका किड्याच्या त्या जागेवरच्या सुरकुत्यांवरून पडलेलं आहे, हे मी आत्याला सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "आणि हे बघायला माणसं पगारावर ठेवलेली असतात?"

असतात, आणि त्यांच्यामुळेच पुढचं कळलं. २००९ मध्ये ही फ्लोरिडात सापडली. २०१६ मध्ये आपल्याकडे, तमिळनाडूतल्या पोल्लाचीच्या नारळ बागांत आणि शेजारच्या केरळात. तिथून कर्नाटक, आंध्र, गोवा, कोकण. ती स्वतः काही लांब उडत नाही, अंगाने साध्या पांढऱ्या माशीच्या तिप्पट असली तरी सुस्त. तिला आपण नेतो. रोपांबरोबर, झापांबरोबर, ट्रकमधून. आणि ती माडावरच अडून बसत नाही. केळ चालते, पेरू चालतो.

हे सगळं मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. आधी मी जे केलं ते सांगतो.

रविवारी सकाळी तालुक्याच्या गावी जाऊन औषध आणलं. दुकानदाराला मोबाइलवर फोटो दाखवला. त्याने फोटोकडे नीट पाहिलंही नाही. मागच्या फळीवरची बाटली काढली आणि म्हणाला, "हे मारा. सगळं जातं."

सगळं जातं. किती सुटसुटीत वाटलं मला तेव्हा! शेजारच्या काकांचा पाठीवरचा पंप मागून आणला. तोंडाला रुमाल बांधला. सात ठेंगण्या माडांच्या पाती उलटून उलटून, खालून फवारलं. मोठ्या अकरांवर पंप पोचणं शक्यच नव्हतं, त्यामुळे त्यांना हात जोडले. संध्याकाळी झापांखाली बारीकसारीक बरंच मरून पडलं होतं. कातिणी होत्या, ढालकिडे होते, हिरवट पारदर्शक पंखांचं काहीतरी नाजूक होतं. पांढरे ठिपकेही पडले होते. पुण्याला परत येताना मी अगदी समाधानात होतो.

तीन आठवड्यांनी आत्या म्हणाली, "होतं तसंच आहे. जास्तच, नाही म्हटलं तरी."

मग एका मित्राला फोन केला, जो मला सगळ्यात आधी आठवायला हवा होता. दापोलीला कृषी विद्यापीठात शिकलेला, किड्यांवरच. त्याने पहिला प्रश्न विचारला, "फवारलंस?" मी हो म्हटल्यावर तो बराच वेळ बोललाच नाही. त्याच्या न बोलण्यात एक सबंध व्याख्यान होतं.

नंतर ते व्याख्यानही झालं. त्यातलं मला कळलं ते असं. ही कीड पानाच्या शिरेतला रस ओढते, म्हणजे झाडाने उन्हात रांधून मुळांकडे, फळांकडे धाडलेला साखरेचा रस. त्या रसात साखर भरमसाट आणि बाकी पोषण नावाला. अंग भरण्यापुरतं ते बाकीचं मिळवायचं तर पिंपच्या पिंप रस प्यायला लागतो. काही गरजा तिच्या पोटातले जिवाणू भागवतात, पण नको असलेली साखर कुठेतरी टाकायला हवी. ती मागून टाकते. हाच तो चिकटा. आत्याच्या लुगड्यावर सांडलेला पाक तो हाच. खालच्या झापांवर, तुळशीवर, कठड्यावर, जिथे चिकटा सांडतो तिथे काळी बुरशी धरते. ती बुरशी पानाच्या आत घुसत नाही, झाडाचं काही खात नाही, नुसती वर सांडलेल्या साखरेवर जगते. पण ऊन अडवते. खालून रस जातो आणि वरून उजेड. म्हणजे स्वयंपाकघरातून डबे पळवायचे आणि वर चूलही झाकून ठेवायची.

तरी या किडीने माड सहसा मरत नाही, हे त्याने तीनदा सांगितलं. गेंड्या भुंगा सुईत, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या कोंबातच घुसतो, सोंड्या भुंगा तर खोड आतून पोखरतो आणि कळेपर्यंत माड गेलेला असतो. त्यांच्यापुढे ही रोज दोन कप साखर उसनी नेणारी शेजारीण. वैताग आहे, नुकसान आहे, पण घर बसत नाही. "पण दिसायला भयंकर दिसते," तो म्हणाला, "आणि माणूस दिसण्यावर औषध मारतो."

माझं औषध का वाया गेलं? पिल्लं मेणाच्या दुलईखाली, पानाला चिकटून बसलेली असतात. अंड्यातून निघाल्यावर थोडं सरपटतात, जागा धरतात, की मग माशी होईपर्यंत हलत नाहीत. दुलईखालची बरीच वाचली. दुलईबाहेर जे जे उघड्यावर फिरत होतं ते मेलं. त्यात एन्कार्सिया असणार. ही एक गांधीलमाशी, पण गांधीलमाशी म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं ते सोडून द्या. ही जेमतेम एक मिलिमीटरची, कधी तेवढीही नाही. पांढऱ्या माशीच्या पिल्लात अंडं घालते, आतली अळी पिल्लाला आतून खाते आणि मोठी होऊन बाहेर पडते.

हिची हकिकत मला पांढऱ्या माशीपेक्षा आवडली. १९९३ मध्ये केरळात आणखी एक चक्राकार पांढरी माशी आली होती, रुगोजची चुलत बहीण. तिच्या मागोमाग ही एन्कार्सिया ग्वाडेलूपे, कुणी न बोलावता, कुणाच्या परवान्याशिवाय लक्षद्वीपला येऊन पोचल्याचं २००० च्या सुमारास लक्षात आलं. ग्वाडेलूप हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. ती बहीण हिने आवरली. पुढे सोळा वर्षांनी रुगोज आली तेव्हा ही इथे होतीच. म्हणजे चोर आणि हवालदार दोघे जगाच्या त्याच कोपऱ्यातले, वेगवेगळ्या गाड्यांनी आले आणि आमच्या वाडीत समोरासमोर उभे राहिले. आणि मी पंप घेऊन हवालदाराला गाठलं.

केरळातल्या कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेपासून सगळे नारळवाले शास्त्रज्ञ या किडीसाठी रासायनिक कीटकनाशक मारू नका असंच सांगत आलेत. अगदीच वाढली तर पाण्याचा जोराचा फवारा, निंबोळी तेल, पिवळे चिकट सापळे, इसारिया नावाची किडीला रोगट करणारी बुरशी. आणि काजळीसाठी खळ. होय, खळ. एक टक्का, म्हणजे लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम स्टार्च.

हे वाचून दाखवल्यावर आत्याचा चेहरा पाहायला हवा होता. "जन्मभर लुगड्यांना खळ घातली," ती म्हणाली, "आता माडाला घालायची तर घालू. दे इकडे, तुला नाही जमायचं."

मला खरंच जमलं नसतं. मी पाण्यात पीठ कालवून गुठळ्या केल्या असत्या. तिने आधी थोड्या गार पाण्यात कालवलं, मग उकळत्या पाण्यात धार धरून ढवळत राहिली, पातळ, पारदर्शक होईपर्यंत. निवल्यावर मलमलच्या फडक्यातून गाळली, नाहीतर पंपाचं तोंड बुजेल म्हणून. पंप मी तीनदा धुतला होता, तिने चौथ्यांदा धुवायला लावला. सकाळी नऊच्या सुमारास ठेंगण्या माडांच्या झापांवर वरून मारली. ऊन चढत गेलं. बाराला काही नाही. एकच्या सुमारास जेवून हात धुवायला बाहेर आलो, तर झापांवर काळे पापुद्रे सुटू लागलेले. उन्हात वाळलेली खळ आकसत होती आणि काजळीला धरून उठत होती, कडेने वळत होती. पोह्याचा पापड भाजताना कडा उचलतात तशी. मग वारा सुटला. काळे पापुद्रे वाडीभर उडाले आणि त्यांच्याखाली पाती अशा हिरव्या निघाल्या की नुकती आंघोळ घातलेलं पोर.

किडीला याने फारसं काही होत नाही. चिकटा पडत राहतो तोवर काजळी परत धरते. पण तेवढे दिवस पानाला ऊन मिळतं, आणि मला विचाराल तर आत्यालाही काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, ज्याने कुणी मरत नाही. माणसाचा हात शिवशिवतो, त्याला धरायला काहीतरी द्यावंच लागतं. केरळात ही काजळी चरणारा एक चिमुकला भुंगाही सापडला आहे. पानावरून फिरत फिरत बुरशी खातो आणि मागे स्वच्छ पान ठेवतो. आमच्याकडे तो मला अजून दिसला नाही, आमच्याकडे आत्या आहे.

एप्रिल-मे फार वाईट गेले. कोरड्या, तापलेल्या हवेत ही कीड वाढते. महिना-दीड महिन्यात एक पिढी उरकते. माडाचं गणित उलटं. महिन्याला साधारण एक नवा झाप आणि प्रत्येक झापाच्या बगलेत एक पोय, म्हणजे फुलोरा. ती पोय आत कुठेतरी कोंब म्हणून धरल्यापासून बाहेर उमलायला सुमारे ३२ महिने लागतात, आणि मग नारळ पिकायला आणखी वर्ष. म्हणजे या उन्हाळ्यात झापांनी काय सोसलं, त्याचा हिशेब २०२७ सालच्या नारळांत निघेल. अशा झाडाशेजारी उभं राहून तीन आठवड्यांत फरक का पडला नाही म्हणून मी वैतागलो होतो.

जूनमध्ये पाऊस लागला आणि झाप धुऊन निघाले. पावसाळ्यात ही हटतेच, त्यामुळे त्या चार महिन्यांत कुणाचा विजय झाला असं म्हणण्यात अर्थ नव्हता.

दिवाळीनंतर पाडेली आला. वर्षातून चारदा येतो, मोठ्या अकरा माडांवर चढतो. त्याला खालूनच सांगितलं होतं की एक-दोन झाप उतरव, पांढरं किती आहे बघायचंय. तो वरून ओरडला, "वरचे झाप चांगले हिरवेच आहेत. खालच्या वळीलाच जुनं पांढरं आहे, पण ते सुकं आहे. उडत काही नाही." त्याने कोयतीने एक खालचा झाप सोडला. तो धपकन पडल्यावर आम्ही तिघे त्याच्याभोवती उकिडवे बसलो. पाडेली, आत्या आणि मी. माझ्याकडे या वेळी भिंग होतं. मित्राने दिलेलं, दहा पटीचं, डोळ्याला लावून पान जवळ आणायचं.

भिंगातून पहिल्यांदा पाहिल्यावर मला काही कळेना. कापसाच्या ढिगाऱ्यात अंडाकृती पिवळट टरफलं. मग मित्राने सांगितलेली खूण शोधायला लागलो. पांढरी माशी कोषातून बाहेर येते तेव्हा कोष पाठीवर इंग्रजी टीच्या आकारात फाटतो, ब्लाउज उसवावा तसा. पण कोषात एन्कार्सिया वाढली असेल तर ती फाडत नाही. आतून कुरतडून गोल भोक पाडते. सुबक, कर्कटकाने काढावं तसं.

त्या पातीवर गोल भोकं होती. एक दिसलं आणि मग डोळ्यांना सवय झाल्यावर दिसतच गेली. एका बोटाच्या पेराएवढ्या जागेत तेवीस कोष मोजले, त्यांतले सोळा गोल. मी भिंग पाडेल्याकडे दिलं. त्याने बराच वेळ पाहिलं, मग झाप उचलून कडेला ठेवायला गेला आणि म्हणाला, "म्हणजे आम्ही खाली पाडतो ते झाप लगेच जाळायचे नाहीत तर. आत अजून असतील तुमचे हवालदार." हे मला सुचलं नव्हतं. हल्ली उतरवलेले झाप वाडीच्या कडेला आठ-पंधरा दिवस उभे करून ठेवतो.

मग ठेंगण्या माडांची पात आणली. वीस कोष, गोल दोन.

म्हणजे ज्या माडांपर्यंत माझा पंप पोचला नाही ते सावरले होते, आणि हात वर केला की हाताशी येणारे सात अजून पांढरेच होते. आता यात सगळा दोष फवाऱ्याचा असंही म्हणता येणार नाही. केशरी ठेंगण्या जातींवर ही कीड तशीही जास्त येते, बाणवली पुष्कळ सोसतो, आणि त्या जाती लावायचा हट्टही माझाच होता. दोन्ही बाजूंनी बिल माझ्याच नावावर निघतं. आत्या काही बोलली नाही. तिने फक्त त्या अकरा माडांकडे मान वर करून पाहिलं आणि चष्मा पुसला.

भिंग मी तिच्याकडेच ठेवून आलो. ती ते चष्म्याच्या घरात ठेवते. काकांचा पंप केव्हाच परत दिलाय, पण औषधाची अर्धी बाटली माळ्यावर कुलपात आहे आणि तिचं काय करायचं हा एक प्रश्नच आहे. ओतायची तरी कुठे, विहीर तिथेच आहे. दुकानदार परत घेत नाही, म्हणाला, उघडलेली बाटली घेता येत नाही, ठेवा, लागेल कधीतरी.

दर रविवारी आत्या ठेंगण्या माडांपैकी एकाची एक पात आणते, ओटीवर उजेडात बसून मोजते आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवते. त्याच चौकटीत दुधाचं मापही लिहिलेलं असतं, त्यामुळे मागच्या खेपेला मी कॅलेंडर पाहिलं तेव्हा 'गो. ५ टी. १४ दू. १' हे वाचून जरा गोंधळलोच. डिसेंबरात गोल सातांवर गेले. मधे एकदा तिनावर उतरले, तेव्हा तिने मला फोन करून शेजारच्या काकांनी वाऱ्यावर काही मारलं का याचा तपास करायला लावला. मारलं नव्हतं. पात कोवळी निवडली होती, एवढंच.

परवा रविवारी सकाळी साडेसातला तिचा फोन आला. मी अजून अंथरुणात होतो.

"गोल अकरा, टी नऊ," ती म्हणाली. "दुधवाला आला नाही."